कुकर फुटला, हात भाजला: सदोष वस्तूमुळे इजा झाली तर भरपाई कशी मागावी

माझ्या मावशीच्या घरी कुकर फुटला, त्याला बरीच वर्षे झाली. वरणाचा कुकर होता. झाकण उडून छताला लागले आणि उकळते वरण तिच्या उजव्या हातावर, गळ्यावर आले. तिसऱ्या दिवशी दुकानदार दवाखान्यात भेटायला आला. सोबत नवा कोरा कुकर. जाताना फुटलेला कुकर 'कंपनीला दाखवतो' म्हणून घेऊन गेला आणि 'बदलून मिळाला, काही तक्रार नाही' अशा कागदावर काकांची सही घेतली. घरात सगळ्यांना माणूस भला वाटला. दीड महिन्याने त्वचारोपणाचा खर्च समोर आला तेव्हा कंपनीने विचारले, 'कोणता कुकर?' आमच्याकडे दाखवायला काहीच उरले नव्हते.

तेव्हापासून कुणाच्या घरी गिझरचा शॉक बसला, मिक्सरचे भांडे फुटले, चार्जिंगला लावलेली बॅटरी पेटली असे कानावर आले की मी आधी एकच विचारते: वस्तू कुठे आहे? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या भरपाईसाठी स्वतंत्र प्रकरणच आहे. पण वस्तूच हातातून गेली तर त्या प्रकरणाचा आधार घेणे फार अवघड होते.

पहिले दोन दिवस

आधी उपचार, हे सांगायला नको. पण दवाखान्यात केसपेपर लिहिला जात असताना सोबतच्या माणसाने शेजारी उभे राहावे. 'गरम वरण सांडून भाजले' आणि 'प्रेशर कुकर फुटून भाजले' या दोन नोंदींत पुढच्या दाव्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली नोंद बाईच्या हातून चूक झाली असे सुचवते, दुसरी वस्तूकडे बोट दाखवते. घडले तसेच लिहायला सांगा. इजा गंभीर असेल तर दवाखाना एमएलसी करतो, म्हणजे पोलिसांना कळवतो. त्याला घाबरू नका, 'पोलिसांचे लचांड नको' म्हणून टाळूही नका. पोलिसांचा पंचनामा आणि आग लागली असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल, हे दोन्ही कागद तिऱ्हाइताने केलेले असतात, म्हणून त्यांना वजन असते. विजेच्या धक्क्याने अपघात झाला असेल तर विद्युत निरीक्षकांनाही कळवावे.

घरी असलेल्या माणसाने तेवढ्यात फोटो काढावेत. आवरायच्या आधी. ओट्याचा, छतावरच्या डागाचा, उडालेल्या झाकणाचा, प्लगपॉइंटचा, वस्तूवरच्या क्रमांकाचा आणि चिन्हांचा. जखमेचे फोटो पहिल्या दिवसापासून दर आठवड्याला काढा, कारण सुनावणी होईपर्यंत जखम भरलेली असते. हे फोटो ज्या फोनवर काढले तो फोन आणि मूळ फाइल जपा. नुसत्या व्हॉट्सॲपवर फिरलेल्या प्रतीवर विसंबू नका.

वस्तू कुणालाही देऊ नका

यावर मी थोडी जास्त थांबणार आहे.

फुटलेली वस्तू धुऊ नका. जळकट वास येत असला, वरण सुकून चिकटले असले तरी धुऊ नका. दुरुस्त करू नका, उघडून बघू नका, ओळखीच्या मेकॅनिकला 'जरा बघ रे' म्हणून देऊ नका. कुकर असेल तर शिट्टी, रिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह, दांड्याचे तुकडे, सगळे गोळा करून एका खोक्यात भरा, त्यावर तारीख घाला आणि खोके माळ्यावर ठेवा. बॅटरी असेल तर मात्र माळा नको. फुगलेली किंवा अर्धी जळालेली लिथियम बॅटरी पुन्हा पेटू शकते. ती घराबाहेर, जळाऊ सामानापासून लांब, कोरड्या जागी ठेवा.

कंपनीचा माणूस येईल. तो सभ्य असेल, कदाचित मनापासून हळहळेलही. त्याला वस्तू घरीच, तुमच्यासमोर पाहू द्या, फोटो काढू द्या. न्यायची म्हणाला तर सांगा, ग्राहक आयोग सांगेल तिथे देऊ. हा हट्टीपणा नाही. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग स्वतः नमुना ताब्यात घेतो, सील करतो आणि योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो, अशी तरतूद कायद्यातच आहे. प्रयोगशाळेने साधारणपणे ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागू शकते, तेवढी तयारी ठेवा.

आणि कागदावर सही नको. बदली वस्तू किंवा पाच-दहा हजार रुपये देऊन 'फुल अँड फायनल' लिहून घेतात. जखमेचा पूर्ण खर्च किती होणार हे डॉक्टरांनाही पहिल्या आठवड्यात सांगता येत नाही.

कायद्याच्या भाषेत तुमची बाजू

हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याची ८२ ते ८७ ही कलमे उत्पादन दायित्वाची, म्हणजे वस्तूने इजा केली तर जबाबदार कोण ते ठरवणारी. कलम ८४ उत्पादकाबद्दल आहे. वस्तू बनवताना दोष राहिला, रचनाच चुकीची होती, ठरलेल्या मापदंडाप्रमाणे बनवली नाही, दिलेली हमी पाळली गेली नाही किंवा सुरक्षित वापराच्या पुरेशा सूचना आणि इशारे दिले नाहीत, यातले एक जरी दाखवता आले तरी उत्पादक जबाबदार. हमी देताना आपला निष्काळजीपणा किंवा फसवणूक नव्हती असे त्याने सिद्ध केले तरी त्याची सुटका नाही.

'वॉरंटी संपली, आता काही होणार नाही' हे वाक्य काउंटरवर हमखास ऐकू येते. वॉरंटी वस्तू दुरुस्त करून किंवा बदलून देण्यापुरती असते. तुमच्या शरीराला झालेल्या इजेचा हिशेब वेगळा. या कलमांखाली भरपाई मिळते ती शारीरिक इजा, आजार किंवा मृत्यूची, त्यातून आलेल्या मानसिक त्रासाची आणि त्या वस्तूखेरीज इतर मालमत्तेच्या नुकसानीची. कुकरची किंमत या हिशेबात येत नाही. ती सदोष मालाबद्दल त्याच तक्रारीत वेगळी मागा.

वस्तू विकत घेणारा एक आणि भाजलेला दुसराच, असे आपल्या घरांत नेहमीच होते. कुकर सासऱ्यांच्या नावावर, भाजली सून. काळजी नको. घेणाऱ्याच्या संमतीने वापरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहकच आहे. मृत्यू झाला असेल तर वारस तक्रार करू शकतात. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू मात्र या कायद्यात बसत नाही. फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगारात वापरलेली बसते. घरून डबे देणाऱ्या बाईचा मिक्सर याच सवलतीत यायला हवा. तक्रारीत ते स्पष्ट लिहा.

समोरची बाजू काय म्हणेल? 'चुकीचा वापर केला', 'वस्तूत फेरफार केला', 'धोका तर उघड होता'. कलम ८७ मध्ये हे बचाव आहेत. कुकरच्या बाबतीत त्यांचे पहिले बोट स्थानिक बनावटीच्या रिंगकडे किंवा व्हॉल्व्हकडे जाते. तुम्ही तो बदलला असेल तर लपवू नका, तपासणीत ते दिसणारच. कुणी बदलून दिला, पावती आहे का, हे शोधा. दुरुस्ती करणाऱ्याची जबाबदारी कलम ८५ मध्ये वेगळी सांगितली आहे.

सामान्य ग्राहकाकडून किती तांत्रिक ज्ञानाची अपेक्षा ठेवायची, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल मला फार धीर देतो. मोटारीची समोरून धडक झाली, एअरबॅग उघडल्याच नाहीत. कंपनीचे म्हणणे, धडकेचा जोर पुरेसा नव्हता. न्यायालयाने सांगितले की वेग आणि बलाचे गणित करायला ग्राहक भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असणे अपेक्षित नाही. समोरून धडक बसली की एअरबॅग उघडेल असेच तो धरून चालणार. ३ लाख रुपयांची भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम झाला.

कुणाकुणाला पक्षकार करायचे

उत्पादक, दुकानदार, दुरुस्ती केली असेल तर सर्व्हिस सेंटर, ऑनलाइन घेतली असेल तर विक्रेता आणि ती बाजारपेठही. परदेशी वस्तू असेल तर आयातदार सोडू नका. उत्पादक कोण ते कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल तर कलम ८६ नुसार विक्रेत्याला जबाबदार धरता येते. ऑनलाइन खरेदीचे बिल आणि विक्रेत्याचा पत्ता लगेच उतरवून घ्या, पान कधी गायब होईल सांगता येत नाही.

आयएसआय चिन्ह तपासा. त्याच्याजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की खरा की खोटा कळते. घरगुती प्रेशर कुकरला हे चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. चिन्ह नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काही मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांना प्रत्येकी १ लाख रुपयांचा दंड ठोठावला. तुमच्या वस्तूवर चिन्ह नसेल तर तक्रारीत तो मुद्दा सर्वांत वर घ्या.

गॅस सिलिंडरचा अपघात असेल तर आणखी एक वाट आहे, आणि ती अनेकांना माहीतच नसते. सरकारी तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, त्याचा हप्ता आपण भरत नाही. वितरकाला अपघाताची लेखी खबर ताबडतोब द्या आणि पोच घ्या.

नोटीस, मग तक्रार

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, क्रमांक लिहून ठेवा. फोनवर मराठीत बोलता येते. किरकोळ भांडणे तिथेच मिटतात. इजेच्या प्रकरणात मात्र तेवढ्यावर थांबू नका.

सगळ्या पक्षकारांना स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, ईमेलही करा. काय घडले, कोणत्या तारखेला, वस्तूचा क्रमांक, झालेली इजा, मागणी, आणि उत्तरासाठी १५ दिवस. एक पान पुरे. वकिलाचे लेटरहेड असलेच पाहिजे असे नाही.

मागणीचा आकडा ठरवताना लोक दवाखान्याच्या बिलावर थांबतात. फिजिओथेरपी, पुढच्या शस्त्रक्रिया, रिक्षाभाडे, बुडालेली मजुरी किंवा पगार, सोबत राहिलेल्या माणसाच्या बुडालेल्या रजा, घरकामाला ठेवलेली बाई, हे सगळे लिहा. कायमचे व्यंग आले असेल तर शासकीय रुग्णालयाचे अपंगत्व प्रमाणपत्र जोडा. मावशीला आजही त्या हाताने पोळ्या लाटता येत नाहीत. तिच्या त्या कष्टाला पैशांत मोल होते, हे आम्हाला तेव्हा सुचलेच नाही.

तक्रार कुठे करायची ते वस्तूला मोजलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय आयोग. म्हणजे दोन हजारांच्या कुकरसाठी २० लाखांची भरपाई जिल्हा आयोगातच मागता येते. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्कही लागत नाही. जिथे तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. पुण्यात घेतलेल्या वस्तूसाठी चंद्रपूरहून पुण्याला खेपा घालायची गरज नाही. 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते.

मुदत दोन वर्षांची. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण त्या भरवशावर राहू नका.

तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र, बिल, केसपेपर, दवाखान्याच्या पावत्या, फोटो, नोटीस आणि तिची पोच लावा. बिल हरवले असेल तर बँक किंवा यूपीआयची नोंद, वॉरंटी कार्डावरचा शिक्का चालतो का ते बघा. स्वतः बाजू मांडता येते. वकील हवा पण परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी तिथे मोफत मदत मिळते. १५१०० हा त्यांचा क्रमांक.

आयोगात

समोरच्या पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे वर्षे घेतात, हे आधीच मनाशी धरा. दर तारखेला हजर राहा. प्रवास जमत नसेल तर व्हिडिओवरून सुनावणीची विनंती करता येते. मध्येच तडजोडीचा प्रस्ताव आला तर ती आयोगासमोर, लेखी आणि पुढच्या उपचारांचा खर्च धरूनच करा.

निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील. कंपनीला अपील करायचे असेल तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेशाची प्रमाणित प्रत पक्षकारांना मोफत मिळते. ती घ्या, त्यात दिलेली मुदत कॅलेंडरवर लिहा. त्या तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद, २५ हजार ते १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.