माजी सैनिकाच्या घराचा मालमत्ता कर: मुंबईत माफीसाठी काय करावं

मामा फौजेतून मेडिकल बोर्डवर, म्हणजे लष्कराच्या डॉक्टरांनी सेवेस अपात्र ठरवल्यामुळे, घरी आले. करमाफीचं कळल्यावर त्यांनी पहिल्यांदा अपंगत्वाचा दाखला शोधायला घेतला. बरेच जण तेच करतात. पण २०२० साली राज्य सरकारने ही माफी सरसकट सगळ्या माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना दिली; त्याआधी ती शौर्यपदकवाले आणि त्यांच्या विधवा किंवा अवलंबितांपुरती होती. त्यामुळे अपंगत्व किती टक्के, हा प्रश्न इथे येत नाही. माजी सैनिक असल्याचा कागद हवा. सेवेमुळे अपंगत्व येऊन मुदतीआधी घरी आलेला आणि अपंगत्व पेन्शन घेणारा जवानसुद्धा माजी सैनिकच.

आधी घर मोजा. मुंबईत ४६.४५ चौरस मीटर, म्हणजे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घराचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून सगळ्यांनाच माफ आहे. घर तेवढंच असेल तर पुढचे हेलपाटे कशाला?

मग माजी सैनिक असल्याचा दाखला काढा. मुंबई शहर आणि उपनगर, दोन्हींची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं वेगळी आहेत. आपण कुठल्या जिल्ह्यात मोडतो ते बघून जा. डिस्चार्ज बुक (सेवेतून सुटल्याची पुस्तिका), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, आधार आणि अधिवास दाखला, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. सवलत राज्यातल्या एकाच घराला आणि तेही स्वतः राहत असाल तर. गावच्या घराची घरपट्टी माफ करून घेतली असेल, तर मुंबईचा अर्ज करण्याआधी कुठलं घर ठेवायचं ते ठरवा. गावची घरपट्टी काहीशेच असते, तेव्हा हिशेब सोपा आहे.

विधवा पत्नी असेल तर कुटुंब पेन्शनचा पीपीओही लागतो. घर अजून पतीच्या नावावर असेल तर आधी सोसायटीत वारस नोंद करून भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव चढवा. हे काम रेंगाळतं, म्हणून सगळ्यात आधी सुरू करा.

आता खरी मुंबईची अडचण. अनेक इमारतींत मालमत्ता कराचं बिल सोसायटीच्या नावाने एकच येतं आणि सभासदाचा वाटा मेंटेनन्समधून कापला जातो. म्हणजे पालिकेच्या दप्तरी तुमचं नावच नसतं. सेक्रेटरीकडून लेटरहेडवर पत्र घ्या: सदनिका क्रमांक, चटई क्षेत्र, मालक कोण, तिथे राहतो कोण, बिलाचा खाते क्रमांक. माफी मिळाली तर तेवढी रक्कम याच सभासदाच्या मेंटेनन्समधून वजा होईल, हेही त्याच पत्रात लिहून घ्या. नाहीतर सूट सगळ्या बिल्डिंगमध्ये वाटली जायची.

अर्ज कुठे? तुमच्या वॉर्ड ऑफिसातल्या करनिर्धारण व संकलन खात्यात. बिल एकच दिसलं तरी आत सर्वसाधारण कर, जल, मलनि:सारण, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर अशा ओळी असतात. म्हणून अर्जात नुसतं ‘कर माफ करावा’ लिहू नका. कोणकोणत्या ओळी माफ होणार ते लेखी कळवा, असं मागा. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. मामांनी पहिला अर्ज शिक्क्याविना दिला होता, तो कुठे गेला ते कुणालाच सापडलं नाही.

उत्तर येईपर्यंत आलेलं बिल थांबवून ठेवू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के दंड चढतो.