विंडोज १० वरून ११ वर जाताय? आधी परतीची वाट बघून ठेवा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट, संपला. तेव्हापासून यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात माझ्या दुरुस्तीच्या दुकानासमोर रोज कोणी ना कोणी मोटारसायकलच्या टाकीवर सीपीयू धरून उतरतो. सेतू केंद्रवाले, शाळेचे गुरुजी, कृषी केंद्राचे मालक. "अपग्रेड करून द्या" म्हणत येणाऱ्यांचे काम सोपे असते. घरी करून बघून मग येणाऱ्यांचे अवघड. त्यांच्या मशीनमध्ये गावातल्या कितीतरी लोकांची कामे अडकलेली असतात.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावचे एक गुरुजी आले होते. कोणीतरी त्यांच्या शाळेच्या मशीनवर फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकली होती. गुरुजींनी हजेरी, निकालपत्रके, दाखल्यांच्या नोंदी असे सगळे आधी सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर हलवले होते. "भाऊ, डी मंदी ठेवलं होतं ना सारं, मंग गेलं कसं?" सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग होते. टाकणाऱ्याने सगळेच पार्टिशन उडवून नवे केले होते. चार दिवस रिकव्हरी करत बसलो, तेव्हा अर्धेमुर्धे हाती लागले. वर्षभराची मेहनत अशी फुटक्या नावांच्या फाइलींमध्ये शोधताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महाग चूक हीच: त्याच डिस्कवर ठेवलेल्या प्रतीला बॅकअप समजणे. बॅकअप वेगळ्या वस्तूवर हवा. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, नाहीतर मोठा पेनड्राइव्ह. कॉपी झाल्यावर तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाइली उघडून बघा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे दोन फोल्डर लोक हमखास विसरतात, आणि आपल्याकडे निम्मे काम तिथेच पडलेले असते. टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड, स्कॅन करून ठेवलेले सातबारे आणि उत्पन्नाचे दाखले यांची आधी कागदावर यादी करा आणि एकेक खूण करत जा. शिवाय विंडोज टाकण्यासाठी जो पेनड्राइव्ह बनवायचा असतो, तो बनवताना पूर्ण पुसला जातो. बॅकअप त्याच पेनड्राइव्हवर ठेवून नंतर रडणारे लोक मी पाहिले आहेत. तो ८ जीबीचा, रिकामा आणि वेगळा ठेवा.

सेटअप सुरू झाल्यावर काय ठेवायचे ते विचारणारा एक पडदा येतो. तिथे फाइल आणि अ‍ॅप दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडा. तो पर्याय राखाडी दिसत असेल तर पुढे जाऊ नका. चालू विंडोजमधून सेटअप चालवण्याऐवजी पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू (बूट) केला असेल तरी हा पर्याय मिळत नाही. आणि जुनी विंडोज ३२ बिटची असेल तर थेट अपग्रेड होणारच नाही, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते.

आता मशीन पेलणार का, ते बघा. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचीच विंडोज चालू देणारी सोय) या अटी आहेत. शिवाय प्रोसेसर ठरावीक यादीतला लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आय-५ नंतरचा आकडा ७२०० असेल तर सातवी पिढी, ८२५० असेल तर आठवी. पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचे मोफत अ‍ॅप एका मिनिटात हे सांगते. ४ जीबी रॅमवर आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ११ टाकून मात्र पस्तावाल. टोकन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पाच मिनिटे नुसता गोल फिरणारा ठिपका बघावा लागतो. आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा, मग विंडोजचा विचार करा.

अटी बसत नसतील तर व्हिडिओ बघून अटी चुकवणारी फाइल टाकू नका. अशा मशीनला अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हातातून जाते. कोअर टू ड्युओसारखी जुनी मशीन तर विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीवर बूटच होत नाहीत. घरच्या वापराच्या विंडोज १० मशीनसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेली आहे. ती घ्या आणि तोवर पैसे जुळवा. आणि बाजारात शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा 'फुल अ‍ॅक्टिव्हेटेड' पेनड्राइव्ह कधीच घेऊ नका. लोकांचे आधार आणि बँकेचे कागद ज्या मशीनवर येतात, तिथे कोणी काय घुसवून ठेवले आहे हे कळायला मार्ग नसतो.

विजेचे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. तरी सांगतो, कारण अपग्रेड अर्ध्यावर असताना लाईन गेली की काय होते ते मी बघितले आहे. साधा डेस्कटॉप यूपीएस पाच-दहा मिनिटे तग धरतो. अपग्रेडला एक तास लागतो, जुन्या डिस्कवर तीन. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याचे बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडवर असेल तर लाईन जाताना जो क्षणभराचा खंड पडतो, तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. लॅपटॉपवाल्यांनी बॅटरी पूर्ण भरून, चार्जर लावूनच बसावे. भारनियमनाची वेळ टाळा. वळवाच्या वाऱ्या-विजांची दुपार टाळा. आणि मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ४५ अंशांत दुपारी हे काम मुळीच नको, तापून मशीन स्वतःच बंद पडते. पहाटे सुरू करा.

दिवस कोणता, हेही तितकेच महत्त्वाचे. दहावी-बारावीचा निकाल लागला की दाखल्यांची रांग लागते, पुढे पीक विम्याची मुदत येते. त्या दिवसांत अपग्रेडचे नावही काढू नका. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही नको. डाउनलोड काही जीबींचे असते, रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक मध्येच संपतो.

फॉन्टचे दुखणे मराठी टायपिंग करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. डीव्हीबी सुरेख किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइली युनिकोड (कोणत्याही कॉम्प्युटरवर मराठी दिसणारी पद्धत) नसतात. फॉन्ट गेला की ठराव, नोटिसा, लग्नपत्रिका सगळे इंग्रजी अक्षरांचा गिचमिड काला दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण घाबरून कोणी पुन्हा सेव्ह केला तर गोंधळ वाढतो. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरची प्रत आधीच काढा, महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ करून ठेवा, आणि ज्या सॉफ्टवेअरला डोंगल (परवान्यासाठी मागे लावायचा छोटा तुकडा) लागतो त्याची नवी आवृत्ती ११ वर चालते का ते विक्रेत्याला फोन करून विचारा.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, हात घालणारे सगळ्यात जास्त फसतात. सिक्युअर बूट हवे म्हणून सुरू होण्याचा जुना लेगसी मोड बदलून नवा यूईएफआय केला, रीस्टार्ट केले आणि पडद्यावर 'बूट डिव्हाइस नाही' असे आले, तर डिस्क मेली नाही. तिच्या भागांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची आहे, एवढेच. मोड पुन्हा लेगसी करा, जुनी विंडोज सुरू होईल. मग बॅकअप घेऊन एमबीआर-टू-जीपीटी हे विंडोजमधलेच साधन वापरून तीच डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करावी आणि त्यानंतरच मोड फिरवावा. 'क्लिअर टीपीएम' असे बटण दिसेल, त्याला बोट लावू नका. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर या बदलांनंतर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डेटा परत मिळवायचा मार्ग माझ्याकडे नाही, कोणाकडेच नाही. म्हणून आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन की वहीत उतरवा आणि बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरता थांबवा.

अपग्रेड सुरू करण्याआधी प्रिंटर, अंगठ्याचे मशीन, डिजिटल सहीचे टोकन, सेटअपचा सोडून बाकीचे पेनड्राइव्ह सगळे काढा. फक्त माऊस, कीबोर्ड आणि मॉनिटर राहू द्या. मध्येच मागे फिरून 'सी१९००१०१'ने सुरू होणारा एरर आला तर बहुतेक वेळा दोष ड्रायव्हरचा (विंडोजला एखादे उपकरण चालवता यावे म्हणून लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) असतो. बाहेरचा अँटिव्हायरस काढा, ड्रायव्हर अपडेट करा, पुन्हा करून बघा. टक्का एकाच आकड्यावर अर्धा तास थांबला तर डिस्कचा दिवा बघा. दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. 'बदल मागे घेत आहे' असे लिहून आले तर बटण दाबून बंद करू नका. ती परतीची वाट आहे, तिला चालू द्या.

झाल्यावर प्रिंटर सापडत नाही, अंगठा घेत नाही, या दोन तक्रारी हमखास येतात. प्रिंटरसाठी कंपनीच्या संकेतस्थळावरून ११ चा ड्रायव्हर टाका. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (आधारसाठी अंगठा घेणारे सॉफ्टवेअर) दोन्ही काढून नव्याने टाका. तरीही जमले नाही तर विंडोज सिक्युरिटीमधल्या कोअर आयसोलेशनच्या पानावर बघा, तिथले मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण जुन्या ड्रायव्हरला अडवते. ते कायमचे बंद ठेवून काम रेटण्यापेक्षा नवा ड्रायव्हर मागवलेला बरा.

आणि कॅलेंडरवर दहावा दिवस गोल करून ठेवा. तोवर जुनी विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये शाबूत असते. सेटिंग्जमध्ये सिस्टम, रिकव्हरी, 'गो बॅक' असे गेले की विंडोज १० परत येते. डिस्क भरली म्हणून तिसऱ्याच दिवशी क्लीनअप चालवून तो फोल्डर उडवू नका. त्या दहा दिवसांत रोजचे प्रत्येक काम एकदा करून बघा: एक दाखला काढा, एक सही करा, एक अंगठा घ्या, टॅली उघडा, जुनी मराठी फाइल छापा. काही अडले आणि दोन दिवसांत सुटले नाही तर नवव्या दिवसापर्यंत मागे फिरा.