पावसाळ्यातलं आणीबाणीचं हॅम किट: या चुका टाळा

जुलैत हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं चालवायच्या वायरलेसच्या, सरावाला ताम्हिणी घाटात गेलो होतो. सेट सुरू झाला, ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) पुण्याची, कोल्हापूरची स्टेशनं स्वच्छ ऐकू येत होती. पण पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की डिस्प्ले विझायचा, सोडला की परत उजळायचा. बॅटरी रात्रभर चार्ज केलेली, मीटरवर १२.६ व्होल्ट. तासभर आम्ही सेटलाच दोष देत बसलो. दोष होता बॅटरीपासून सेटपर्यंतच्या दोन मीटर वायरीत.

हिशेब असा आहे. १०० वॉटचा एचएफ (शॉर्टवेव्ह, लांब पल्ल्याचा) सेट ऐकताना साधारण १ अँपिअर घेतो, बोलताना २० च्या आसपास. घरच्या वायरिंगची १.५ स्क्वेअर मिलिमीटरची वायर दोन मीटर घेतली, तर जाऊन-येऊन चार मीटर तांबं होतं आणि २० अँपिअरला त्यात जवळजवळ १ व्होल्ट पडतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी लोड आला की १२ व्होल्टच्या आसपास उतरतेच. सेटच्या वाट्याला उरतात ११. बहुतेक सेट १३.८ व्होल्टच्या वर-खाली १५ टक्के एवढंच चालवून घेतात, म्हणजे ११.७ च्या खाली भरवसा नाही. ४ स्क्वेअर मिलिमीटरची वायर घ्या आणि ती मीटरभरच ठेवा. घट ०.२ व्होल्टच्या आत राहते. आणि व्होल्टेज मोजायचं ते सेटच्या टोकाला, अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर पचवणारा रेझिस्टर) लावून, पीटीटी दाबलेला असताना. नुसत्या बॅटरीचं मोजून काहीच कळत नाही.

प्लसच्या वायरीवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. बॅगेत वायर घासून शॉर्ट झाली तर लिथियम बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते.

मोठी बॅटरी वाहून नेण्यापेक्षा पॉवर कमी करायला शिका. १०० वरून २५ वॉटवर आलात तर समोरच्याला फरक पडतो फक्त एका एस-युनिटचा, म्हणजे सिग्नल मीटरवरच्या एका आकड्याचा. बॅटरी मात्र कितीतरी जास्त टिकते.

अँटेना उंच हवा, हा हट्ट

ही चूक अनुभवी मंडळीही करतात. महाड आणि पुणे यांत हवाई अंतर ७० किलोमीटरच्या आत-बाहेर, पण मध्ये सह्याद्री उभा. रिपीटर (उंचावरचं, सिग्नल पुढे पाठवणारं स्टेशन) बंद पडला की हँडी (हातातला छोटा सेट) तिथे कामाचा नाही, त्याच्या व्हीएचएफ लहरी डोंगर ओलांडत नाहीत. अशा वेळी ४० मीटर बँडचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन हातांची तारेची अँटेना) घ्या, एकूण साधारण २० मीटर तार, आणि तो मुद्दाम खाली बांधा, जमिनीपासून ४-५ मीटरवर. लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परततात आणि तीनचारशे किलोमीटरचा परिसर डोंगरदऱ्यांसकट व्यापतात. बांबू आणि सुतळी पुरते. उंच झाडावर दोर फेकण्यात वेळ घालवू नका.

मात्र रात्री ही युक्ती ७ मेगाहर्ट्झवर बहुतेकदा फसते. जवळची स्टेशनं गायब होतात आणि दूर देशांतली ऐकू येतात. लोकांना वाटतं, सेट बिघडला. तसं नसतं, ८० मीटर बँडवर (३.५ मेगाहर्ट्झच्या आसपास) उतरायची वेळ झालेली असते. त्यासाठी ४० मीटर लांबीची वेगळी तार गुंडाळून किटमध्ये असावी.

एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या पॉवरचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं बरं) सकाळी १.३ आणि पावसात ३? आधी बघा, तारेची टोकं ओल्या फांदीला टेकलीत का. टोक आणि झाड यांच्यात हातभर नायलॉनची दोरी ठेवा. तरी उतरत नसेल तर कनेक्टर उघडा.

कनेक्टरचं जरा सविस्तर सांगतो, कारण शेतात बसून डाख लावता येत नाही. पीएल-२५९ या केबलच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये मधल्या तारेचा डाख सगळे नीट लावतात, केबलच्या बाहेरच्या जाळीचा मात्र कच्चा राहतो. जाड पितळ उष्णता ओढून घेतं, डाख लावायची लहान इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) पुरत नाही, डाख वर मण्यासारखा बसतो आणि आत धरत नाही. मल्टिमीटर सगळं ठीक दाखवतो. केबल हलवली की आवाज खरखरतो, ही त्याची खूण. ६० वॉटच्या वरची इस्त्री वापरा आणि झाल्यावर केबल ओढून, पिळून बघा. बाहेर रबरी टेप घट्ट गुंडाळा आणि कनेक्टरच्या आधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. एकदा जाळीत पाणी शिरलं की ती काळी पडते. मग ती केबल वाळवत बसू नका, बदला.

हँडीसाठी दहा मीटर आरजी-५८ (पातळ अँटेना केबल) नेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की १४५ मेगाहर्ट्झवर ती सुमारे २ डीबी खाते, म्हणजे पाच वॉटमधले तीनच वर पोचतात. तरीही रबरी अँटेनापेक्षा बांबूवर चढवलेली साधी अँटेना बरी.

सोलर पॅनेल जोडलं की बँडवर घरघर सुरू झाली, तर चार्ज कंट्रोलर तपासा. स्वस्त कंट्रोलर एचएफवर भयंकर आवाज करतात. बोलताना पॅनेल काढून ठेवा. पावसाळ्यात त्याच्यावर विसंबून हिशेब मांडायचाच नाही.

सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय थेट बोलायच्या) फ्रिक्वेन्सी, आणीबाणीची ७.११० मेगाहर्ट्झ, गटाच्या वेळा आणि हँडी हातानं प्रोग्रॅम करायच्या पायऱ्या कागदावर लिहून, लायसन्सच्या प्रतीसोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. लॅपटॉप तिथे नसणार.

किट तयार झालं की एखाद्या पावसाळी रविवारी घराचा मेन स्विच पाडा, सगळं किट अंगणात नेऊन सहा तास त्याच्यावर चालवा आणि जे जे आणायला घरात जावं लागलं ते लिहून काढा. आमच्या कागदावर पहिलं नाव हेडलॅम्पचं होतं, दुसरं पान्याचं.