सोयाबीनचा नवा वाण: कळीपासून मार्करपर्यंत

चालणाऱ्या वाणातली एखादीच उणीव भरून काढायची आहे, की सगळ्याच बाजूंनी सरस असा नवा वाण हवा आहे? पैदास सुरू करण्याआधी हे ठरवा. पहिल्या कामाला बॅकक्रॉस (संकराचा मूळ वाणाशी पुन्हापुन्हा संकर) आणि मार्कर (हवे ते जनुक झाडात आहे का हे दाखवणारी डीएनएची खूण) लागतात. दुसऱ्याला दोन चांगले पण नात्याने दूरचे वाण, मोठी संख्या आणि भरपूर प्लॉट. दोन्ही एकाच संकरात उरकायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतात.

पालक निवडताना एक अडचण आधीच लक्षात घ्या. दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते आणि एक वाढवले की सहसा दुसरे घटते. जास्त प्रथिनांच्या वाणांचे उत्पादनही बहुधा मागे पडते. त्यामुळे तिन्हींत उच्चांक मागू नका. एक गुण वाढवा आणि बाकीचे घसरू देऊ नका.

सोयाबीन हे लहान दिवसाचे, म्हणजे दिवस लहान झाले की फुलणारे पीक आहे. फुलोरा कधी येणार हे ई१ ते ई४ ही जनुके मोठ्या प्रमाणात ठरवतात, म्हणून लवकर आणि उशिरा येणारे पालक एकाच दिवशी पेरले तर फुलांची गाठ पडत नाही. दोन्ही पालक ७ ते १० दिवसांच्या अंतराने तीन हप्त्यांत पेरा.

संकर करणे

फूल जेमतेम ६-७ मिलिमीटरचे, त्यात १० पुंकेसर, आणि परागीभवन फूल उमलायच्या सुमारासच आतल्या आत उरकते. म्हणून मादीची कळी उमलण्याच्या आदल्या दिवशीची हवी: फुगलेली, निदलांमधून (कळीच्या बाहेरच्या हिरव्या पानांमधून) पाकळीचे टोक नुकतेच डोकावणारी. पाकळी पूर्ण बाहेर आलेली कळी सोडून द्या, तिच्यात स्वपरागीभवन झालेले असते.

त्या पेऱ्यावरच्या बाकीच्या कळ्या आणि फुले आधी खुडा. कळी दोन बोटांत हलकेच धरून टोकदार चिमट्याने पाचही निदले एकेक करून खाली ओढून काढा. मग पाकळ्यांचा झुबका निदलांच्या खुणेच्या जरा वर धरून किंचित हलवत सरळ वर ओढा. आत परागकोशांचे कडे दिसते, ते काढून टाका. मधली कुक्षी (परागकण घेणारे टोक) चिमट्याने दबली तर कळी वाया गेली असे समजा. कुक्षी एक दिवस आधीच परागकण घ्यायला तयार असते, त्यामुळे दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. नराचे त्याच सकाळी उमललेले फूल सोलून पिवळे, भुकटी सुटणारे परागकोश कुक्षीवर लगेच फिरवा. वाण बदलताना चिमटा अल्कोहोलने पुसा. पेऱ्याला लेबल बांधून पालक आणि तारीख लिहा.

आठवडाभराने पाहा. संकराच्या शेंगेच्या देठाशी निदले नसतात, फक्त खूण असते. निदले शाबूत असलेली शेंग तुमची नाही, ती काढून टाका. एरवीही सोयाबीनची २० ते ८० टक्के फुले गळतात आणि एका शेंगेत दोन-तीनच दाणे मिळतात, म्हणून गरजेपेक्षा बऱ्याच जास्त कळ्या हाताळा.

एफ१ (संकराची पहिली पिढी) खरा आहे का हे फुलाच्या रंगावरून कळते. मादी पांढऱ्या फुलाची आणि नर जांभळ्या फुलाचा घेतला तर जांभळा रंग प्रभावी असल्याने खऱ्या संकराच्या रोपाचा बीजदलांखालचा दांडा उगवतानाच जांभळट दिसतो. हिरव्या दांड्याचे रोप स्वपरागीभवनाचे, ते उपटा. दोन्ही पालकांच्या फुलांचा रंग एकच असेल तर मार्करशिवाय खात्री नाही.

पिढ्या पुढे नेणे

नवा वाण करायचा असेल तर एफ२ (दुसरी पिढी) पासून एफ४ (चौथी पिढी) पर्यंत दर झाडाचा एकेक दाणा घेऊन पुढे जाणे सर्वांत स्वस्त पडते. एफ४ मध्ये ८७.५ टक्के जनुकस्थाने स्थिर (दोन्ही प्रती सारख्या) झालेली असतात. उगवण कमी झाली तर वंश (एकेका झाडापासून चालत आलेली संतती) कायमचे गळतात, म्हणून दर झाडाचे दोन-तीन दाणे राखीव ठेवा. एकट्या झाडाच्या उत्पादनावर निवड करू नका. शेजारी एक रोप मेले तरी ते झाड जास्त शेंगा धरते.

मार्कर कुठे वापरावा

डोळ्याला दिसणाऱ्या गुणासाठी मार्करवर पैसे घालू नका. कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर काढून टाकणे हे मार्करचे खरे काम. कच्च्या सोयाबीनची प्रथिने नीट पचू न देणारा हा घटक. तो नसण्याचा गुण अप्रभावी (जनुकाच्या दोन्ही प्रती असतील तरच दिसणारा) असल्याने बॅकक्रॉसच्या झाडात दडून राहतो. एरवी दर बॅकक्रॉसनंतर एक पिढी स्वपरागीभवनात घालवावी लागते. मार्करमुळे ती वाचते. बॅकक्रॉसमध्ये निम्मी झाडे वाहक (हव्या जनुकाची एक प्रत असलेली) निघतात. किमान एक वाहक मिळण्याची ९९ टक्के खात्री हवी तर ७ झाडे तपासा. एफ२ मध्ये एक अप्रभावी जनुक दुहेरी हवे तर १७ झाडे आणि अशी दोन जनुके एकत्र हवी तर ७२.

मार्कर जनुकापासून ५ सेंटिमॉर्गन (दर पिढीत सुमारे ५ टक्के वेळा दोघांची ताटातूट होईल इतके) दूर असेल तर तीन बॅकक्रॉसमध्ये जनुक निसटण्याची शक्यता १४ टक्क्यांवर जाते. म्हणून जनुकाच्या दोन्ही बाजूंना मार्कर ठेवा. वाहकांपैकी मूळ वाणाशी सर्वांत जुळणारे झाड निवडायला २० गुणसूत्रांवर प्रत्येकी दोन-तीन मार्कर लागतात. दोन्ही पालकांत फरक दाखवणारेच मार्कर चालतात, ते आधी तपासून घ्या.

मार्कर उसना घेताना स्रोत पाहा. सूत्रकृमीची प्रतिकारकता देणारे आरएचजी१ हे जनुक पीआय ८८७८८ या वाणातून घेतले तर एकटे काम करते. पेकिंग या वाणातून घेतलेल्याला सोबत आरएचजी४ हे दुसरे जनुक लागते. एकच मार्कर दोन्हीकडे लावला तर रोगाला बळी पडणारी झाडे निवडली जातात.

नमुन्यासाठी कोवळे पान चालते. दाण्याचा कपचाही चालतो. सोयाबीनचा दाणा म्हणजे बीजदलेच, त्यामुळे कपच्याचा डीएनए तोच रोपाचा. दाण्याच्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूने छोटा तुकडा कापा, अंकुर शाबूत राहतो. दर पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवून पाहण्याच्या चाचणीत) दोन्ही पालक, एफ१ आणि नुसत्या पाण्याची नळी लावा. पाण्याच्या नळीत पट्टा आला तर सगळी फेरी रद्द.

प्लॉटमधली परीक्षा

उत्पादन असंख्य छोट्या जनुकांनी ठरते, तिथे दोन-चार मार्कर पुरत नाहीत. आधी एकेका ओळीत वंश पाहा, मग ४५ सेंटिमीटरच्या ओळींत, किमान तीन पुनरावृत्तींत आणि अनेक ठिकाणी दोन-तीन हंगाम चाचणी घ्या. कडेच्या ओळी मोजू नका, उंच वंशाच्या सावलीने शेजारचा बुटका वंश विनाकारण मागे पडतो. उशिरा येणारा वंश बहुधा जास्त देतो, म्हणून तुलना त्याच कालावधीच्या प्रमाण वाणाशी करा. वजन सर्वांचे एकाच ओलाव्यावर आणा. दर प्लॉटमधली काही झाडे पक्व झाल्यावर १०-१५ दिवस उभीच ठेवा आणि तडकलेल्या शेंगा मोजा. मळणीनंतर उगवण तपासा आणि तेच बियाणे पुढच्या पेरणीच्या तोंडावर पुन्हा तपासा. पातळ सालीचे वंश साठवणीतच उगवणशक्ती गमावतात आणि पहिल्या तपासणीत ते कळत नाही.