हर्ग अडथळ्याचा अंदाज वर्तवणारे पहिले मॉडेल कसे बांधावे

नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडवरील औषधनिर्माणशास्त्र विभागात किंवा शहरातील एखाद्या फार्मसी महाविद्यालयात एम.फार्म. करताना मशीन लर्निंगचा प्रकल्प घ्यायचा असेल, तर ‘हे औषध विषारी आहे का’ असा मोघम प्रश्न घेऊ नये. यकृत, हृदय आणि जनुके यांवरील दुष्परिणामांची कारणे निराळी आणि चाचण्याही निराळ्या असतात. सुरुवातीला हर्ग हा हृदयपेशींतील पोटॅशियम मार्ग घ्यावा. रेणूने तो अडवला, तर ईसीजीमधील क्यूटी अंतर (एका ठोक्याच्या विद्युत चक्राला लागणारा काळ) लांबते आणि ठोके जीवघेणे अनियमित होऊ शकतात. टर्फेनाडीन आणि सिसाप्राइड ही औषधे याच धोक्यामुळे अनेक देशांत मागे घेतली गेली.

रेणू हर्ग किती अडवतात याची मोजमापे केम्बल या रेणूंच्या खुल्या संग्रहातून मिळतात, पण ती जशीच्या तशी वापरता येत नाहीत आणि माझ्या मते प्रकल्पाचा निम्म्याहून अधिक वेळ इथेच द्यायला हवा. पॅच क्लॅम्पने (पेशीतील विद्युतप्रवाह थेट मोजण्याच्या पद्धतीने) मोजलेले आयसी५०, म्हणजे मार्ग निम्मा अडवणारी मात्रा, आणि रेडिओलिगँड बंधनातून (किरणोत्सारी रेणू वापरून रेणू मार्गाला किती चिकटतो हे मोजणाऱ्या चाचणीतून) आलेले आकडे एकत्र करू नयेत. ‘३० मायक्रोमोलरपेक्षा जास्त’ अशा नोंदी अपुऱ्या समजून गाळल्या जातात. त्या ठेवाव्यात, कारण निरुपद्रवी रेणूंची माहिती मुख्यतः त्यांतच असते. आरडीकिट ही रसायनशास्त्राची संगणक प्रणाली वापरून प्रत्येक स्माइल्समधील (रेणूची रचना अक्षरांत लिहिलेल्या ओळीतील) क्षाराचा भाग काढावा. एकाच औषधाची एक नोंद मुक्त बेसची (क्षाराविना मूळ रेणूची) आणि दुसरी हायड्रोक्लोराइड क्षाराची असते; ती तशीच राहिली, तर एक ट्रेनिंगमध्ये (मॉडेल शिकते त्या भागात) आणि दुसरी टेस्टमध्ये (त्याची परीक्षा होते त्या भागात) जाते आणि फुटलेल्या प्रश्नपत्रिकेवर मिळालेल्या गुणांसारखा निकाल हाती येतो.

मॉडेलसाठी त्रिज्या २ आणि २०४८ बिटांचे मॉर्गन फिंगरप्रिंट (रेणूतील तुकड्यांची ०-१ अशी यादी) व रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचा कौल घेणारी पद्धत) पुरेसे आहे. साध्या लॅपटॉपवर ते चालते. ट्रेनिंग आणि टेस्टची विभागणी मात्र यादृच्छिक न करता रेणूच्या सांगाड्यानुसार (वलये आणि त्यांना जोडणारे दुवे यांनुसार) करावी, म्हणजे एका सांगाड्याचे सर्व रेणू एकाच बाजूला राहतात. गुण त्यामुळे घसरतात, पण नव्या रसायनावर मॉडेल कसे वागेल हे त्यातूनच कळते. अडवणारे रेणू संख्येने कमी असतील, तर आरओसी या नेहमीच्या वक्रासोबत प्रिसिजन-रिकॉल वक्रही द्यावा; ‘अडवतो’ म्हटलेल्यांपैकी किती खरे आणि खऱ्यांपैकी किती सापडले, हे तो दाखवतो.

यानंतर टर्फेनाडीन आणि फेक्सोफेनाडीन यांचे अंदाज शेजारी ठेवून पाहावेत. दोघांचा सांगाडा एकच आहे. टर्फेनाडीनच्या एका मिथाइल गटाच्या जागी फेक्सोफेनाडीनमध्ये कार्बोक्सिल गट आहे आणि एवढ्याशा बदलाने हर्गवरील परिणाम कमालीचा घटतो. यकृतातील सीवायपी३ए४ हे विकर टर्फेनाडीनचे रूपांतर फेक्सोफेनाडीनमध्ये करते. सोबत केटोकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध घेतल्यास हे रूपांतर थांबते आणि मूळ औषध रक्तात साठते. दोन रेणूंच्या हर्गवरील परिणामातला फरक मॉडेलला दिसत नसेल, तर फिंगरप्रिंटसोबत रेणूचा विद्युतप्रभार आणि लॉगपी (तो पाण्यापेक्षा तेलात किती विरघळतो याचे माप) यांची भर घालावी.

अंदाज आला म्हणजे धोका ठरला, असे मानू नये. आयसी५० ची तुलना रक्तातील मुक्त (प्रथिनांना न चिकटलेल्या) औषधाच्या कमाल पातळीशी करावी. दोहोंत सुमारे ३० पटींचे अंतर असावे, असा संकेत रूढ आहे. व्हेरापामिल हर्ग अडवते, परंतु कॅल्शियम मार्गही अडवत असल्याने त्याचा प्रत्यक्ष धोका कमी राहतो. म्हणून अहवालात मॉडेलच्या यादीला ‘पॅच क्लॅम्पला आधी पाठवायचे रेणू’ असेच शीर्षक द्यावे आणि ट्रेनिंगमधील कोणत्याही रेणूशी फारसे साम्य नसलेल्या रेणूंसमोर ‘अंदाज विश्वासार्ह नाही’ असे स्पष्ट लिहावे.