गच्ची तडकते उन्हात, गळते पावसात: मृगाआधी या चुका टाळा

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, छताच्या कोपऱ्यात ओलीचा डाग उमटला, की आमच्या भागात गवंड्यांचे फोन वाजायला लागतात. सोलापूर असो, बीड असो नाहीतर अकोला, दरवर्षी हेच. त्या दिवशी मात्र करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. ओल्या स्लॅबवर पाणी अडवणारा लेप नीट धरत नाही आणि चांगला गवंडी पुढचे पंधरा दिवस मोकळा नसतो. गच्चीचं खरं नुकसान आधीच्या तीन-चार महिन्यांच्या उन्हाने केलेलं असतं. म्हणून कोरड्या जिल्ह्यांत गच्चीची देखभाल फेब्रुवारीत सुरू व्हायला हवी, असं मी भेटेल त्याला सांगतो.

काँक्रीट तापलं की वाढतं, निवलं की आखडतं. जानेवारीतली पहाट आणि मेमधली दुपार यांत स्लॅबच्या तापमानात ३० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात १० मीटर लांबीचा स्लॅब सुमारे ३ मिलिमीटर लांबतो. खालची विटांची भिंत तेवढी हलत नाही. मग स्लॅब आणि भिंत जिथे भेटतात तिथे आडवी भेग पडते. गच्चीवर कठड्याच्या पायाशीही तसंच होतं.

भेगेत पांढरं सिमेंट भरणं

ही सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक. मीसुद्धा सलग तीन उन्हाळे तेच केलं. दिवाळीपर्यंत भेग बुजलेली दिसायची, थंडीत तिच्याच कडेला नवी रेघ उघडायची. कारण साधं आहे: भेग हलती आणि सिमेंट ताठ. हलत्या भेगेत लवचीक माल हवा. भेग ग्राइंडरने किंवा छिन्नीने साधारण १० मिलिमीटर रुंद, व्ही आकाराची उघडावी, आतली धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण काढावी आणि मग ॲक्रिलिक किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे रबरासारखा ताणणारा भराव, भरावं. कठड्याच्या पायाशी काटकोन ठेवू नये. तिथे पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरची गोलाई द्यावी, कारागीर तिला वाटा म्हणतात. कोपऱ्यात पाणी आणि माती साचत नाही, वरून द्यायचा लेपही तिथे दुमडून फाटत नाही.

भेग वाढते आहे की थांबली आहे, हे आधी पाहून घ्या. तिच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. महिन्याभराने पाहा. छताच्या खालच्या बाजूने गंजाचे तांबूस डाग, सुटलेले पोपडे किंवा उघडी सळई दिसली, तर ते काम लेपाचं नाही आणि गवंड्याचंही नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि तोवर त्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका.

मे महिन्यातल्या ओलीला गच्ची जबाबदार धरणं

पाऊस नाही, वळीवही नाही, तरी छतावर ओल आहे? मग सगळ्या गच्चीला लेप द्यायला धावू नका. आधी टाकी पाहा. टाकी भरून वाहते का, टाकीखाली कायम ओलसर असतं का, पाइपाच्या जोडातून थेंब येतो का, कूलरचं पाणी कुठे सांडतं? पांढरे क्षार जमलेली रेघ दिसली, तर पाणी त्याच वाटेने जातं असं समजा. उन्हात उघडे राहिलेले प्लॅस्टिकचे पाइप काही वर्षांत ठिसूळ होतात, एल्बोपाशी, म्हणजे वळणाच्या जोडापाशी, बारीक चिरतात. त्यांना रंगाचा हात द्यावा किंवा ते झाकावेत. टाकी थेट कोब्यावर, म्हणजे स्लॅबवरच्या उताराच्या थरावर, बसवलेली असेल तर तिच्याखाली कधी झाडताही येत नाही आणि पाहताही येत नाही. बैठक उंच हवी.

आणखी एक घोळ असा, की डाग जिथे दिसतो तिथेच वर भेग असते असं आपण धरून चालतो. पाणी कोब्याच्या खाली सरकत जातं, वायरिंगच्या पाइपातून वाहत येतं आणि पार खोलीच्या मधोमध पंख्याच्या हुकापाशी ठिबकतं. तिथे ठिबकताना दिसलं तर आधी त्या खोलीचा वीजपुरवठा मेन बोर्डावरून बंद करा, बाकीचं नंतर.

खात्री करायची तर संशयाच्या भागाभोवती चिकणमातीचा छोटा बांध घालून पाणी साठवा. टंचाईच्या दिवसांत सगळी गच्ची भरायची गरज नाही, आणि उगाच खोल पाणीही नको: १० सेंटीमीटर पाण्याचं वजन दर चौरस मीटरला १०० किलो होतं. दोन-तीन बोटं पाणी २४ ते ४८ तास ठेवलं तरी भागतं. इथे एक फसगत होते. आपल्या मे महिन्यात उघडं पाणी दिवसाला सेंटीमीटरभर उडून जातं, आणि पातळी उतरली म्हणून गळती धरली जाते. शेजारी एका पसरट टोपात तेवढंच पाणी ठेवा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ती वाफ. खालून छत तपासणं मात्र चुकवू नका.

भर दुपारी काम उरकणं

सकाळी आठला बोलावलेला कारागीर अकराला येतो आणि दोनच्या उन्हात लेप मारतो. तापलेल्या पृष्ठभागावर पाण्यात मिसळायच्या ॲक्रिलिक लेपाची वरची साय लगेच सुकते, आतला ओलावा अडकतो, फुगे येतात आणि महिन्याभरात पापुद्रे सुटतात. मजुरी द्या, पण काम पहाटे सहा ते नऊमध्येच घ्या. आदल्या दिवशी गच्ची धुऊन पूर्ण वाळू द्या. आमच्याकडे दुपारनंतर धुळीचं वारं सुटतं, त्यामुळे लेप मारायच्या सकाळी पुन्हा एकदा झाडून, ओल्या फडक्याने पुसून घ्या. धुळीवर मारलेला लेप धुळीलाच चिकटतो. पहिला हात पातळ करून, पुढचे दोन हात एकमेकांना आडवे-उभे, आणि दोन हातांच्या मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळून.

सिमेंटच्या दुरुस्तीला उलट पाणी कमी पडून चालत नाही. आयएस ४५६ हे भारतीय मानक गरम, कोरड्या हवेत काँक्रीटची क्युरिंग, म्हणजे ते सतत ओलं ठेवणं, किमान १० दिवस करायला सांगतं. मॉर्टरच्या दुरुस्तीलाही मी तोच नेम लावतो. ओली पोती अंथरून ती वाळू न देणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. सकाळ-संध्याकाळ एक बादली शिंपडून भागत नाही, मधल्या दुपारी तो थर कोरडा ठणठणीत होतो.

पोत्यांखालचं काम पुरतं वाळायलाही तीन-चार आठवडे लागतात. त्याआधी वर लेप नको. आता मोजून पाहा: मृग जूनच्या सात-आठ तारखेला लागतो. म्हणजे सिमेंटचं काम मार्चअखेरीस आणि लेप मेच्या पहिल्या पंधरवड्यात, वळीव नाही असं बघून.

जुन्यावर नवा थर

यावर मला जरा थांबायचं आहे. मराठवाड्यातल्या माळवदांवर, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छतांवर, दरवर्षी पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा थर द्यायची पद्धत होती. देखभाल म्हणून ती चांगलीच, पण जुनी माती न काढता वर्षानुवर्षं भर पडत गेली तिथे छतं जड झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि ही जड छतं कोसळून त्यांखाली माणसं गेली. आज तेच आपण कोब्याने करतो आहोत. गळलं की जुन्या कोब्यावर नवा कोबा. चार इंच कोब्याचं वजन दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास, म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर अठरा-वीस टन. जुना कोबा हातोडीने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तेवढा भाग काढा आणि मगच नवा घाला.

काळं डांबर फासणंही टाळा. ते ऊन शोषतं, मऊ पडतं आणि पुढे सुकून तडकतं. पांढरा लेप किंवा चुना खोली थंड ठेवतो. चुना पाणी अडवत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

बाकी थोडक्यात. शेवाळ उन्हाळ्यात सुकलेलं असतं, कडक ब्रशने निघतं. ॲसिड ओतू नका, ते सिमेंट खातं. पिंपळाचं रोप नुसतं वरून कापू नका, सांधा उघडून मूळ काढा. सोलरच्या किंवा शेडनेटच्या खांबांसाठी स्लॅबला भोकं पाडू नका, काँक्रीटचे ठोकळे वापरा. कुरडया-पापडांच्या वाळवणाखाली कापड असतंच, पण खाटेच्या लोखंडी पायांखालीही फळी सरकवा.

आणि पहिला वळीव पडून गेला, की तासाभराने खडू घेऊन वर जा. जिथे पाणी अजून साचलेलं असेल त्याभोवती गोल करा. पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपाच्या तोंडाकडे उतार १०० ला १ तरी हवा, या गोलांच्या जागी तो मोडलेला आहे. खडू पावसात पुसला जाईल, म्हणून लगेच फोटो काढून ठेवा.