रोमन चांदीच्या नाण्यांवरचे प्राणी गोळा करताय? मग या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी आई दिवाळीला आमच्याकडे इंग्लंडला आली होती, आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातून घरी येतो तर काय, देवघरात निरांजनाच्या शेजारी माझं सम्राट फिलिपचं हत्तीवालं नाणं लखलखतंय. पावणेअठराशे वर्षांचं नाणं, जे सकाळपर्यंत छान राखाडी-काळसर होतं, ते नव्या वाटीसारखं! आईचं म्हणणं अगदी साधं होतं, "अरे काळं पडलं होतं, चिंच लावून रांगोळीनं घासलं, गजलक्ष्मीचं आहे ना ते?" हत्ती आहे, वर माहूत बसलाय, माहुताच्या हातात अंकुश आहे, मग तिला तसं वाटलं तर तिची काय चूक. आणि खरं सांगायचं तर मी तरी ते नाणं घेताना काय वेगळं केलं होतं? हत्ती बघितला आणि पैसे दिले. प्राणी दिसला की माणूस बाकीचं काही बघतच नाही, आणि या छंदातल्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

घासणं, चमकवणं, "फक्त जरासं पुसलं"

आधी त्या हत्तीचंच पुरं करतो. फिलिपच्या काळात, म्हणजे इ.स. २४४ ते २४९, रोमच्या नाण्यात चांदी निम्म्याहूनही कमी राहिली होती, बाकी बहुतेक तांबं. चिंचेतलं आम्ल आधी तांब्याला खातं, त्यामुळे पृष्ठभाग बारीक सच्छिद्र होतो आणि काही ठिकाणी गुलाबीसर डाग उठतात, शिवाय रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, तिचे केसाएवढे चरे हत्तीच्या पोटावर कायमचे. टूथपेस्ट, सराफाकडचं चांदी चमकवायचं द्रावण (डिप), अॅल्युमिनियम फॉइल आणि बेकिंग सोडा, हे सगळं त्याच माळेतलं. तो काळा थर म्हणजे मळ नाही, चांदीवर गंधकाच्या संपर्कानं चढलेला थर आहे, आणि संग्राहक त्याच थराला जास्त पैसे देतात.

आता असं झालंच तर काय करायचं? नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीन दिवस ठेवा, पाणी बदलत राहा म्हणजे उरलेलं आम्ल निघून जाईल, मग मऊ कापडानं टिपून घ्या (टिपून, पुसून नाही) आणि साध्या कागदी पाकिटात घालून विसरून जा. माझ्या हत्तीच्या कडा आता परत राखाडी व्हायला लागल्यात. चरे मात्र जाणार नाहीत.

हिरवं दिसलं तर मात्र थांबून बघा, कारण हिरव्याचे दोन प्रकार आणि दोन्हींचा उपाय वेगळा. बोटाला चिकट, तेलकट हिरवट थर लागत असेल तर दोष बहुतेक पाकिटाचा. स्वस्तातली मऊ, जरा वास येणारी प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात, त्यांतलं रसायन सुटून नाण्यावर बसतं. काचेच्या वाटीत शुद्ध अॅसिटोन घेऊन नाणं त्यात बुडवून ठेवा, खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस-मेणबत्ती नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात रंग-तेल घातलेलं असतं. पण हिरवं कोरडं, भुकटीसारखं असेल आणि एखाद्या फटीतून बाहेर येतंय असं वाटत असेल, तर ती आतल्या तांब्याची तक्रार आहे, अॅसिटोननं काही होणार नाही, नाणं कोरड्या जागी आणि इतर नाण्यांपासून लांब ठेवा. आणि चांदीच्या नाण्यात तांब्याचा गाभा कुठून आला हा प्रश्न स्वतःला विचारा.

पहिलंच नाणं सीझरचा हत्ती

प्रत्येकाला तोच हवा असतो. इ.स.पू. ४९-४८, यादवी युद्ध सुरू झालेलं, सीझरच्या फौजेबरोबर फिरणारी टांकसाळ, आणि नाण्यावर उजवीकडे चाललेला हत्ती, पायाखाली काहीतरी तुडवतोय, खाली फक्त सीझरचं नाव. मागच्या बाजूला पुजाऱ्याचं साहित्य: पळीसारखं भांडं, पाणी शिंपडायचा कुंचला, कुऱ्हाड आणि टोकदार टोपी, कारण इ.स.पू. ६३ पासून तो रोमचा मुख्य पुरोहित होता. पायाखाली साप आहे की गॉल (आजच्या फ्रान्सकडच्या) लोकांचं कार्निक्स नावाचं रणशिंग, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, त्यामुळे विक्रेता एकच अर्थ ठामपणे सांगून वर भाव चढवत असेल तर मनातल्या मनात हसा.

अडचण अशी की हे नाणं सगळ्यांना हवं असल्यानं त्याच्या नकला बेसुमार आहेत, आणि त्यातल्या काही तर त्याच काळातल्या! म्हणजे तांब्याच्या चकतीला चांदीचा पत्रा गुंडाळून वरून ठसा मारलेल्या. याला फुरे म्हणतात. हे आजचं खोटं नाणं नव्हे, जुन्या काळची लबाडी आहे, तिला तिची किंमत आहे, पण ती अस्सल नाण्याची नाही. हत्तीचं पोट, कानाची कड, अशा उंच भागांवर भिंगातून बघा, चांदी झिजून लालसर-तपकिरी डोकावत असेल तर समजून जा.

मगरीचं तसंच. ऑक्टेव्हियननं (पुढचा सम्राट ऑगस्टस) इजिप्त घेतलं इ.स.पू. ३० मध्ये आणि दोन वर्षांनी मगरीचं चांदीचं नाणं काढलं, 'इजिप्त जिंकला' असं लिहून. सुंदर आहे आणि महाग आहे, म्हणून नकलाही भरपूर. यात अजून एक घोटाळा लोक करतात, ताडाच्या झाडाला साखळीनं बांधलेली मगर असलेलं नाणं 'चांदीचं' म्हणून घेतात. ते फ्रान्समधल्या नीमचं, आणि ते तांब्या-काशाचं असतं, चांदीचं नाही.

सुरुवात करायची तर लुसियस थोरियस बाल्बस या टांकसाळीच्या अधिकाऱ्याचा इ.स.पू. १०५ चा वळू बघा. (बैल नाही हो, चौखूर उधळलेला वळू आहे तो, थोरियस या नावावरची कोटी, लॅटिनमध्ये वळूला टॉरस म्हणतात.) बऱ्यापैकी मिळतो, ठसठशीत असतो. किंवा सम्राट व्हेस्पासियनच्या काळातली तीन पिल्लांची डुकरीण. डुकरीण कोण घेतो म्हणू नका, फार गोड नाणं आहे ते.

वजनकाटा न वापरणं

मॅग्नेट लावून बघितला, चिकटला नाही, म्हणजे अस्सल, असं मला आजवर बऱ्याच जणांनी सांगितलंय. अहो तांबं पण चिकटत नाही आणि शिसं पण चिकटत नाही! आणि टेबलावर टाकून खणखण ऐकणं तर बिलकुल नको, जुनी चांदी जमिनीत राहून आतून ठिसूळ झालेली असते, बिस्किटासारखा तुकडा पडतो. अस्सल असून बद्द वाजतं असंही होतं.

त्यापेक्षा हे करा, पाच मिनिटांचं काम आहे. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या, ०.००१ चा मिळाला तर उत्तमच. आधी नाणं कोरडं मोजा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, नाणं शिवणाच्या दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. आता जो आकडा दिसेल त्यानं कोरड्या वजनाला भागा, ती झाली घनता. माझा थोरियसचा वळू कोरडा ३.८४ भरला, पाण्यात आकडा आला ०.३७, भागाकार साधारण १०.४. शुद्ध चांदी १०.५, तांबं ९ च्या जरा खाली, म्हणजे ठीक. दुसरं एक 'स्वस्तात मिळालेलं' ३.३० भरलं आणि पाण्यात ०.३६, म्हणजे ९.२ च्या आसपास. ते फुरे निघालं, गपचूप वेगळ्या डबीत गेलं. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर उत्तर चुकतं, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका.

पण एवढ्यावर खूश होऊ नका. आजचा नकलाकारही खरी चांदी वापरू शकतो, मग घनता बरोबरच येणार. म्हणून कड बघा. ओतीव नाण्याच्या कडेला जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा असतात, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, पृष्ठभागावर बारीक खड्डे. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे जुळी शोधणं. रोमन नाणी हातानं पाडलेली, एकाच ठशाची दोन नाणी असू शकतात, पण दोन्हींची चकती तशीच, तडा त्याच जागी, हत्तीच्या सोंडेवरचा ओरखडासुद्धा तोच, हे अशक्य. असं दिसलं की निदान एक तरी नक्कल, बहुतेक दोन्ही. जुन्या लिलावांचे फोटो एसीसर्च या वेबसाइटवर आहेत, आणि प्रकार ताडून बघायला अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचे फुकट ऑनलाइन कॅटलॉग आहेत. अर्धा तास घालवा हो, शेकडो पाऊंड वाचतात.

'चांदी' म्हणजे किती चांदी?

सम्राट गॅलिएनसची प्राण्यांची मालिका, साधारण इ.स. २६७-२६८, हा माझा वीक पॉइंट आहे. हरीण, काळवीटासारखे प्राणी, चित्ता की वाघ असं काहीतरी, पंखवाला घोडा, अर्धा घोडा अर्धा मासा, सगळं प्राणिसंग्रहालय, आणि प्रत्येक प्राणी कुठल्या तरी देवाचा: हरीण डायनाचं, ग्रिफिन (गरुडाचं डोकं, सिंहाचं धड) अपोलोचा, समुद्रघोडा नेपच्यूनचा. साम्राज्य चहूबाजूंनी फाटत चाललंय आणि सम्राट एकेका देवाला 'सांभाळ रे बाबा' म्हणून नाणी पाडतोय. स्वस्त आहेत, मजा आहे, जरूर घ्या. पण चांदीची म्हणून घेऊ नका. त्यात चांदी शेकड्याला जेमतेम काही टक्के, बाकी तांबं, वरून चांदीचं पाणी दिलेलं. ते पाणी क्वचित शिल्लक राहतं, आणि राहिलं असेल तर घासून तेच आधी जातं (आई, वाचतेयस ना?). यांच्या बाबतीत वरचा भागाकार करून 'खोटं आहे' म्हणून परत पाठवू नका, ते हिणकसच असायला हवं.

खोट नसलेली खोट

उलट्या चुकाही होतात, म्हणजे अस्सल खुणेला दोष समजणं. एकानं मला फोटो पाठवला, कडेला सगळीकडे करवतीसारखे दाते, 'कुणीतरी कानशीनं घासलंय, परत करू का?' ते होसिडियस गेटा या टांकसाळीच्या अधिकाऱ्याचं रानडुक्कर होतं, पाठीत भाला घुसलेला, खालून कुत्रा तुटून पडलाय, आणि त्याची दातेरी कड टांकसाळीतच केलेली! प्रजासत्ताकाच्या काळात, म्हणजे सम्राटांच्या आधी, अशी बरीच नाणी निघाली, आणि रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की जर्मन टोळ्यांना दातेरी नाणी जास्त आवडायची. तसेच पृष्ठभागावरचे बारीक चंद्रकोरीसारखे, टिंबासारखे ठसे: नाणं पारखताना मारलेल्या खुणा त्या. आपल्याकडच्या आहत (ठसे मारून बनवलेल्या प्राचीन) नाण्यांवरही असे पारखीचे छोटे ठसे सापडतात, तसंच समजा.

फिलिपनं इ.स. २४८ मध्ये रोमला हजार वर्षं झाली म्हणून प्राण्यांचे खेळ केले आणि नाणी काढली, सिंह, लांडगीण, सांबर, त्याच्या बायकोच्या नाण्यावर पाणघोडा. त्यांच्या खाली रोमन आकडे असतात एक ते सहा. ते साल नाही, किंमत नाही, मालिकेतला नंबरही नाही. टांकसाळीतल्या कुठल्या खात्यात नाणं पडलं त्याचा तो आकडा.

आणि मध्य बघा मध्य. ग्रेड कितीही चांगली लिहिलेली असू दे, ठसा सरकलेला असेल आणि सिंहाचं डोकं चकतीबाहेर गेलं असेल तर तुम्ही शेपटीला पैसे देताय. थोडं झिजलेलं पण नाकापासून शेपटीपर्यंत पूर्ण प्राणी असलेलं नाणं मी कधीही आधी घेईन.

'आमच्या शेतात सापडलं'

हे भारतातल्या मित्रांसाठी. रोमन चांदी दक्षिण भारतात खरंच सापडते, कोइमतूरच्या पट्ट्यात तर भरपूर, पण ती बहुतांश ऑगस्टस आणि टायबेरियसची ठराविक दोन प्रकारची नाणी, त्यांवर प्राणी नाहीत. त्यामुळे कोल्हापूरला ब्रह्मपुरीत रोमन वस्तू निघाल्या होत्या, तशीच ही हत्तीची नाणी निघालीत, असं कुणी सांगितलं तर ब्रह्मपुरी खरी, नाणी बहुतेक बाजारातली. आणि समजा खरंच शेतात सापडली, तर १८७८ च्या कायद्यानं ती कलेक्टरला कळवावी लागतात. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणारे आपले लोक सुट्टीत भारतात काहीतरी जुनं घेतात आणि बॅगेत टाकून निघतात, ते करू नका. दाखवायला म्हणून इथलं तिकडे नेणंही मी टाळतो, परत आणताना विमानतळावर कुणाकुणाला समजावणार.

म्हणून आई म्हणाली की तो हत्ती पुण्याला नेते, देवात ठेवते, तर मी नाही म्हटलं. पुढच्या दिवाळीला तिला सराफाकडून गजलक्ष्मीचं दहा ग्रॅमचं कोरं नाणं घेऊन दिलं. तिनं ते आधी चिंच लावून घासलं आणि मगच देवात ठेवलं.